झाकलेल्या डब्यातली खिरापत

कोजागरी जवळ आली की नांदुरा तालुक्यातल्या एका गावचा तपास मला हटकून आठवतो. नावं मुद्दाम देत नाही.

साठच्या दशकात शाळेतल्या मुलांना सरकारी पावडरीचं दूध मिळे. मी फौजदार होतो. त्या गावचे पोलीस पाटील एके सकाळी ठाण्यात आले.

"साहेब, पोरींनी भुलाबाईत भलतंच सुरू केलं. गाणी झाली की एकेक जण उभी राह्यते अन् आपली हकीगत सांगते. शाळा समितीच्या अध्यक्षांची बदनामी होऊन राह्यली."

भुलाबाई म्हणजे वऱ्हाडातला भोंडला; कोजागरीपर्यंत मुलींचा मेळा रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतो. नोंद केली, शिपाई घेतला, गावी गेलो. शाळेच्या ओसरीत, बाईंच्या समक्ष, मुलींना विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवाले काय लागते, साहेब?" एक धीट मुलगी म्हणाली. "दुधाची वाटी आमचीच रिकामी राह्यते. माहा लहाना भाऊ कोरडी वाटी चाटून पाह्यते. तेच सांगतो."

पढवलेले साक्षीदार एकच वाक्य बोलतात. इथे प्रत्येकीचं वेगळं होतं. मुलींची तक्रार खरी, हे मला तिथेच पटलं.

अध्यक्ष किराणा दुकानदार. दुधाच्या पावडरीची पोती त्यांच्याच ताब्यात. चौकशीत ते हसले. "उंदरांनी फोडली, साहेब. आता उंदरांले बेड्या घालता का?" दुकानाची झडती घेतली. काही मिळालं नाही.

त्या संध्याकाळी भुलाबाई नेमकी त्यांच्याच घरी होती, कारण त्यांची मुलगीही त्या मेळ्यातली. मी आणि पाटील ओट्यावर बसलो. गाणी झाली. रिवाजाप्रमाणे खिरापतीचा डबा झाकून पुढे आला. आत काय ते ओळखल्याशिवाय खायचं नाही. मुलींनी डबा हलवला.

"लाडू?"

"नाही."

"खोबरं?"

"नाही."

"हरली बे तुम्ही!" एक पोरगा ओरडला.

अध्यक्षांची मुलगी हळूच म्हणाली, "वास तं घेऊन पाहा."

त्या धीट मुलीने झाकणाला नाक लावलं आणि म्हणाली, "शाळेतलं दूध."

डब्यात पावडरीच्या वड्या होत्या. दारात उभे असलेले अध्यक्ष खाली बसले. मी त्यांच्या मुलीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हाव. आज हकीगत सांगाची माही पाळी होती. मले बोलता नाही आलं, म्हून डबा मीच भरला."

पंच बोलावले. घरामागे सरकीच्या पोत्यांखाली दुधाची पोती निघाली. माल मलकापूरच्या हॉटेलांना जात होता. पंचनामा, अटक, दोषारोपपत्र, शिक्षा; सगळं रीतसर झालं. मुलीचा जबाब मी घेतला नाही, तिचं नाव कागदावर येऊ दिलं नाही. पण गावाला कागद लागत नाही. त्या वर्षी मेळा तिच्या दारावरून न थांबता पुढे गेला. ज्यांच्या वाट्या तिच्यामुळे भरल्या, त्याही मुली थांबल्या नाहीत. त्यांच्या आयांनी तसं बजावलं होतं.

साक्षीदाराला कोर्टापर्यंत सांभाळून न्यायचं आम्हाला शिकवलेलं होतं. त्याला परत त्याच्या घरी, त्याच्या गल्लीत कसं पोचवायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

पुढे दूध वाटप पाहायला मी त्या शाळेत गेलो. रांग लांब होती. ती मुलगी बाजूला, खांबाला टेकून उभी होती.

"तुझी वाटी कुठे?"

"मले नोको, साहेब," ती म्हणाली. "घरी होतं तवा लय पेलं."