विहिरीवरचं सिम

मी कोऱ्हाळ्यात घरी बसून पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम करतो. बारामतीतल्या एका दवाखान्याच्या जुन्या केसपेपरांतून हवी ती नोंद शोधून देणारी यंत्रणा आम्ही क्लाउडवर चालवतो. रुग्णांची माहिती खाजगी, म्हणून बाहेरून आत जायला एकच वाट ठेवली होती: मी स्वतः लिहिलेलं टूल. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, फोनवर आलेला कोड द्यायचा, की सुरक्षित जोडणी होते. एकदा कोड दिला की तीन महिने ते लॅपटॉपला ओळखतं. या टूलचा मला भारी अभिमान होता.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला दवाखान्यातून भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंचा फोन आला. सोमेश्वरनगरच्या ऊसतोड कामगारांच्या तळावरची एक बाई टेबलावर होती, अपेंडिक्स फुटलेलं. मागच्या हंगामात याच दवाखान्यात एका इंजेक्शननं तिचा श्वास थांबला होता, असं सून सांगत होती. इंजेक्शन कुठलं, ते तिला माहीत नव्हतं आणि कागद गावाकडं राहिले होते. दवाखान्यातलं शोधायचं पान नेमकं सकाळपासून बंद होतं.

"वीस मिनिटं थांबते. त्यापुढे मला भूल द्यावीच लागेल," त्या म्हणाल्या.

मी ओळ टाइप केली. टूलनं कोड मागितला, तीन महिने नुकतेच संपले होते. 'कोड पाठवला आहे', पडद्यावर आलं. फोन मात्र गप्प. तेव्हा आठवलं, तिथं माझा जुना नंबर दिलेला आहे आणि घरात त्या कंपनीची रेंज मिळत नाही म्हणून मागच्या कोडनंतर ते सिम मी काढून ड्रॉवरमध्ये टाकलंय. ड्रॉवर उघडला तर सिम नाही.

वडील शेतावर होते. त्यांना फोन लावला. "तात्या, ड्रॉवरमधलं सिम कुठंय?"

"मोटरीच्या पेटीत घातलंय की. घरात रेंज न्हाय म्हणून पडूनच होतं. हितं विहिरीवर फुल रेंज हाय."

फोन लावला की आमची मोटर चालू होते, त्यासाठी स्टार्टरच्या पेटीत एक सिम लागतं. म्हणजे माझा कोड त्या पेटीत जाऊन पडला होता. मी वडिलांवर असा ओरडलो, की आजही लाज वाटते.

लॅपटॉप पाठीला लावून मोटरसायकल बांधापर्यंत दामटली. पुढं सरीत पाणी सोडलेलं. चिखलात दोनदा पडलो. पेटीपाशी पोचून झाकण उघडायला गेलो तोच तात्या ओरडले, "हात घालू नगं! आधी मेन स्विच पाडू दे."

मोटर थांबली. तेवढ्यात डॉक्टरबाईंचा फोन. "मिळालं का? तिचं बीपी उतरतंय."

"पाच मिनिटं," मी म्हणालो. ती कुठून आणणार होतो, देव जाणे.

तात्यांनी पेटीतलं सिम काढलं. पण माझ्या फोनचा ट्रे उघडायला पिन नव्हती. त्यांनी बाभळीचा काटा मोडून दिला. मी घाईघाईनं दाबला, काटा तुटला. मग त्यांनी फोनच माझ्याकडून घेतला आणि दुसरा काटा अगदी सावकाश दाबला. त्या सावकाशपणाचा मला संताप आला होता, पण ट्रे बाहेर आला.

सिम घातलं, फोनवरून लॅपटॉपला नेट दिलं, कोड पुन्हा मागवला. आला. जोडणी झाली. त्या बाईच्या नावाच्या अकरा जणी निघाल्या. शोधात 'श्वास' आणि 'तळ' घातल्यावर एकच उरली. मी फोन लावून इंजेक्शनचं नाव वाचलं.



"तेच भरून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात आहे."

दुपारी निरोप आला, बाई शुद्धीवर आली, सुनेशी बोलली. तात्यांना सांगितलं.

"बरं झालं. तुझं सिम तुझ्यापाशी ठेव, मोटरीला दुसरं आणतो," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं न्हाय, नायतर हात लावला नसता."

ते खरंच होतं. त्यांना कुणी काही सांगितलं-विचारलं नव्हतं. मला मात्र ते टूल दर सोमवारी विचारत होतं, 'हा नंबर अजून तुमच्याजवळ आहे ना?' तो प्रश्न मीच त्यात घातला होता. आणि दर सोमवारी, न वाचता, मी 'होय' दाबत होतो.