मॅग्नेटचं चाक

टाकीचं झाकण उघडलं आणि मला ओकारीच आली. आत पेट्रोल कसलं, डोंबल! काळा चिकट गाळ साठला होता आणि त्यात एक पाल वाळून कडेला चिकटली होती. हात साबणाने घासघासून धुतले, तरी रात्री भाताच्या घासाला तोच वास. शी! सायलेन्सरमध्ये सळई घातली तर उंदराचं अख्खं घरटं बाहेर आलं, लेंड्यांसकट. सीट उचलली तर मुंग्या. मी तिथेच गोणपाटावर बसले आणि स्वतःला शिव्या घातल्या, की बाई, या वयात कुणी सांगितलं होतं तुला?

कुणी सांगितलं नव्हतं. दादाने डिवचलं होतं.

नरपडला आमची छोटीशी चिकूची वाडी आहे. ही इटालियन मोटारसायकल त्या वाडीतल्या घराच्या पडवीत माझं अर्धं आयुष्य गोणपाटाखाली उभी होती. बाबा एका इराणी शेटच्या वाडीवर मुकादम होते. शेट म्हातारपणी लेकीकडे राहायला गेला, तेव्हा गाडी बाबांना देऊन गेला. लांबट लाल टाकी, आवाज असा ठणठणीत की बाबा नाक्यावर असतानाच आई चहा टाकायची. मला त्या गाडीचं वेड होतं. हात लावायची परवानगी फक्त पुसण्यापुरती. एका दुपारी बाबा जेवून झोपले आणि मी गाडी काढली. ओहोटी होती. समुद्राच्या ओल्या वाळूवरून पार चिखले गावापर्यंत गेले आणि परत आले. बाबा ओट्यावर उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. त्याच आठवड्यात गाडी बंद पडली. "पार्ट गेला," बाबा म्हणाले, "इटलीतच मिळतो."

मी मोडली, असं मी तेव्हापासून धरून चालले. कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण आमच्या घरात न बोलता म्हणायची पद्धत आहे.

बाबा गेले. मी लग्न केलं नाही, आईजवळ राहिले. सोनाराचे दागिने ज्या पोलादी ठशांवर उठतात, ते ठसे करायचं काम आमच्या डहाणूकडे घरोघर चालतं. मीही त्यातच कानस मारत केस पिकवले. आणि एक दिवस शेजारच्या घरात राहणारा माझा थोरला भाऊ येऊन सांगतो काय, तर गाडी रिसॉर्टवाल्याला कबूल केली. स्विमिंग पूलशेजारी उभी करणार. टाकी कापून मनीप्लँट लावणार. ओल्या चड्डीत माणसं तिच्यावर बसून फोटो काढणार.

"शरम नाही वाटत?" मी म्हटलं.

"गंजून चाललीय ती. एवढा पुळका असेल तर चालू करून दाखव, मग तुझी. नाहीतर दिवाळीनंतर टेम्पो येतोय."

तो हसत म्हणाला, पण आईसमोर म्हणाला. मी शब्द धरून ठेवला.

टाकीतला गंज काढायला कैनाडहून ताडी आणली, पार आंबून कडक झालेली. ती टाकीत भरून ठेवली की गंज सुटतो. सुटतो खरा, पण तो वास! पडवीभर चिलटं, जेवताना चिलटं, देवाच्या दिव्यात चिलटं. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "माणसं पितात ती गाडीला पाजतेयस." धाकटी डहाणू गावात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एकाकडून पिस्टन सोडवून घेतला, रिंगा बसवून घेतल्या. इंजिन परत आलं ते सुकटीचा वास घेऊन. माझ्या नशिबी एकही स्वच्छ वास नव्हता.

मग इंजिनाच्या डाव्या बाजूचं झाकण उघडलं, आणि बाबांचा तो गेलेला पार्ट कोणता ते कळलं. मॅग्नेटचं चाक. ताटलीएवढं, जड, आत लोहचुंबक बसवलेले. ते फिरतं तेव्हा ठिणगी पडते. तेच नव्हतं. नुसता दांडा होता, त्याला ग्रीस फासलेलं आणि नट परत नीट बसवलेला. तुटलेल्या पार्टच्या जागी एवढी निगुतीने कोण बांधाबांध करतं, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. मला वाटलं, बाबांची शिस्त.

चाकासाठी तलासरी गाठली. हायवेला भंगारवाल्यांची रांगच आहे. गाड्यांची आतडी काढून ढीग लावलेले, मध्ये तेलाची डबकी आणि डबक्यात कुत्री. एका दुकानदाराने तोंडात गुटखा धरून मान वर केली, माझ्या चपलेशेजारी पचकन थुंकला आणि चाक पुढे केलं. "ओरिजिनल छे, बेन. इटालीनो माल." चकचकीत, वर परदेशी अक्षरं. मी भुलले. घरी आणून रॉकेलच्या बोळ्याने पुसलं तर रंग उतरून बोळ्याला आला आणि खालून निघालं आपल्याकडच्या कुठल्याशा मोपेडचं जुनं चाक. अक्षरं हाताने रंगवलेली! माझ्या तर डोक्यात तिडीकच गेली. दुसऱ्या दिवशी बस पकडून परत गेले आणि चाक त्याच्या टेबलावर आपटलं.

"माझ्या तोंडाला पानं पुसतोस? बायको-बहिणीलाही असाच माल विकतोस का रे?"

तो हसला. दात तसलेच, लालभडक. "बेन, फिरनार ने? पछी?"

फिरेल ना, मग झालं. या "मग झालं"ची मला आयुष्यभर किळस आली आहे. ठसा केसभर चुकला तर मी तो फेकून देते. पण दुसरं चाक मिळत नव्हतं आणि दिवाळी तोंडावर आली होती. शेवटी तेच चाक घेऊन शेजारच्या लेथवाल्याकडे गेले, भोक वाढवून घेतलं, घरी बसून चाक दांड्यावर पकडणारी बारीक पोलादी चावी घडवली आणि कानशीने तिची खाच काढली. भोक वाढवल्यावर मधला भाग पातळ उरला होता. दिसत होतं मला. तरी बसवलं. त्या दुकानदाराइतकीच मीही निर्लज्ज झाले होते.

दिवाळी सरली आणि टेम्पो सकाळीच आला. दादा आणि ड्रायव्हर ओट्यावर बसले. दादाने आत हाक मारली, "आई, भाकरी दे गं ह्यांना, लोणचं दे." मी किक मारत होते. मारता मारता एकदा इंजिन खोकलं, दोन-तीन ठोके पडले, आणि कडाड! तलासरीचं चाक मधोमध फुटलं.

"झालं समाधान?" दादा म्हणाला. "जा, हात धू आता."

रडू येत होतं, त्याहून जास्त शिसारी. त्या दुकानदाराची, दादाची, माझी. फुटलेलं चाक एका हातात आणि कानस दुसऱ्या हातात घेऊन मी तशीच स्वयंपाकघरात शिरले. आईने लोणच्याची बरणी खाली काढली होती. या बरणीला आमच्याकडे मला हात लावायची बंदी. आधी पाळीचा विटाळ, लोणचं नासतं म्हणून. ते वय सरल्यावर, हाताला ग्रीस म्हणून. बरणीत लोणचं दाबायला वर एक गाठोडं असायचं, जुन्या लुगड्यात बांधलेलं. ते मी लहानपणापासून फळीवर लांबूनच पाहिलेलं. आता ते स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला बाजूला काढून ठेवलं होतं.

मी रागाने कानस ओट्यावर भिरकावली. ती घसरत गेली, आता खाली पडणार, तेवढ्यात टक् करून त्या गाठोड्याला चिकटली. आणि तिथेच लोंबत राहिली.

आईचा हात बरणीत थांबला.

मी गाठ सोडली. लुगड्याचे थर हळदीने पिवळे, तेलाने चिकट. आत प्लास्टिक. त्याच्या आत चाक. कोरलेली इटालियन अक्षरं, कुणीही न रंगवलेली. छोटी चावीसुद्धा दोऱ्याने बांधून ठेवली होती.

"हे काय आहे, आई?"

"वजन आहे. लोणच्याचं."

"आई!"

तिने डाव बरणीच्या काठावर निपटला. "तुझ्या बाबांनी काढलं. तू वाळूवरून गेलीस, ते सगळ्या गावाने पाहिलं. ते खाडीत टाकायला निघाले होते. मी म्हटलं, एवढं जड आहे, वाया कशाला घालवायचं?"

"आणि इतके महिने मी तलासरीला हेलपाटे घालतेय, तू बघतेयस, आणि मूग गिळून बसलीस?"

"तू विचारलंस कुठे?"

मग ती बरणीकडे बघत, हळू आवाजात म्हणाली, "गाडी चालू असती तर तू थांबली असतीस का इथे?"

मला त्या क्षणी त्या घरातल्या प्रत्येक वस्तूची किळस आली. लुगड्याची, बरणीची, बाबांच्या त्या न बोलण्याची. गाडी मी मोडलीच नव्हती. आणि ज्या चाकासाठी मी मनात आयुष्यभर माफी मागत राहिले, त्याच्याखाली दाबलेलं लोणचं मी रोज चाटून पुसून खाल्लं होतं.

पण टेम्पो दारात होता. मी चाक पुसलं आणि पडवीत नेलं. दांड्यावर ते असं बसलं, जणू कालच काढलं होतं. किक मारली. पुन्हा मारली आणि गाडी उठली. तोच ठणठणीत आवाज. ड्रायव्हर भाकरी हातात धरून उभा राहिला. दादाने काहीतरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. इंजिन तापलं तसा त्यातून लोणच्यातल्या हिंगाचा आणि मोहरीचा वास यायला लागला. श्शी! तशीच बसले आणि निघाले. वाळूवरून, चिखल्यापर्यंत. दिवसाढवळ्या, गावाला दिसेल अशी.

परत आले तेव्हा टेम्पो रिकामा गेला होता. आई दारात उभी होती.

"आता लोणच्यावर काय ठेवू?" तिने विचारलं.

मी तलासरीच्या चाकाचा फुटका अर्धा तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो धुतला, फडक्यात बांधला आणि बरणीत ठेवला.

गाडी चालते. आई अजून दर जेवणाला माझ्या ताटात लोणच्याची फोड वाढते. मी ती खात नाही. ती रोज वाढते आणि मी रोज ताटाच्या कडेला तशीच ठेवून उठते.