पेइकोव्ह आणि पेइकोव्हा

आमच्या इमारतीतले शेजारी म्हणत, "झ्लातिनला दूध द्या, तो दही लावणार नाही, दुधाचा तक्ता करील." प्लोवदिव शहरातल्या एका चीज कारखान्यात तो संगणकावर जुन्या तक्त्यांतून नवे तक्ते काढीत असे आणि त्याला निर्मिती म्हणत असे.

एकदा त्याने ग्राहकांच्या तक्त्यातून कुटुंबांचा तक्ता काढला. पत्ता आणि आडनाव जुळले की ते एक कुटुंब. नवरा पेत्रोव्ह असला की बायको पेत्रोव्हा होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. संगणकाला ते ठाऊक नव्हते, आणि ते सांगण्याची तसदी झ्लातिनने घेतली नाही. नवराबायकोची आडनावे जुळेनात, आणि शहरात सगळे एकेकटेच राहतात असे ठरले. कारखान्याने कुटुंबांसाठीचे चीजचे मोठे डबे बंद केले आणि ते भरणाऱ्या आमच्या राद्काकाकूंना घरी बसवले.

काकूंनी त्याला जिन्यातच गाठले. "काय रे दीडशहाण्या, तू पेइकोव्ह, तुझी बायको पेइकोव्हा. म्हणजे तुमचीही दोन घरं का? जा, साहेबाला चूक सांग, माझं काम परत मिळेल."

"चूक कसली, काकू? तक्त्यात आमचीही दोन घरं आहेत. लग्नाचा रकाना मला कुणी दिलाच नव्हता."