फोन बंद पडता कामा नये

इंदूरच्या राजेंद्र नगरात प्रमोदिनीबाई टोकेकरांना ओळखत नाही असा माणूस एकतर नवा असावा, नाहीतर त्याने कधी त्यांच्या गाडीपुढून रस्ता ओलांडलेला नसावा. बाई हॉर्न वाजवतात तो अगदी मनापासून. सगळी नोकरी त्यांनी विमा ऑफिसात काढली, घरच्या शिलाई मशीनवर अर्ध्या कॉलनीचे पडदे शिवले आणि पन्नाशी उलटल्यावर, यजमानांची नजर अधू झाली म्हणून, गाडी शिकल्या. अच्युतराव मग शेजारच्या सीटवर डोळे मिटून खुशाल बसायचे. "तू चालवते आहेस ना, मग मी कशाला बघू?" म्हणायचे. नवऱ्याने बायकोला दिलेलं याहून मोठं प्रशस्तिपत्र निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही.

अच्युतराव गेले आणि गाडी मागे राहिली. ती विकून टाकावी असं त्यांच्या मुलाने, शंतनूने, मनाशी धरलं होतं. शंतनू पुण्याला असतो आणि तिथे बसून आईची काळजी करतो. लांबून केलेल्या काळजीला काही धरबंध नसतो.

त्याला निमित्त मिळालं ते दसऱ्यानंतर. प्रमोदिनीबाई गौतमपुऱ्याला थोरल्या बहिणीकडे, शारदाताईंकडे गेल्या होत्या. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. परतताना बाईंच्या फोनने मान टाकली. फोन जुना, दुपारपर्यंत कसाबसा तग धरायचा. बाईंना त्याचा पत्ताच नाही. त्या देपालपूरच्या अलीकडे गाडी थांबवून निवांतपणे सीताफळं निवडत बसल्या. इकडे शंतनू फोन लावून लावून घायकुतीला आला. शेवटी त्याने शेजारच्या मनीषला स्कूटर घेऊन शोधायला पिटाळलं. मनीषला काकू सापडल्या त्या सीताफळवाल्याशी फळांचे डोळे मोठे झालेत की नाहीत यावर हुज्जत घालताना.

"काकूजी, शंतनू भियाचा तर बीपी वाढून गेला ना," मनीष म्हणाला. "फोन कशाला बंद केला तुम्ही?"

"मी नाही केला, तो झाला. हे घे, हे पिकलेलं आहे."

त्या संध्याकाळी शंतनूने फोनवर निकाल सुनावला. गाडी विकायची. मनीषला हवीच आहे, सोमवारी तो येऊन बघेल.

"आणि मी ताईकडे कशी जाऊ? बस बदलत? तिच्यासाठी डबे भरून?"

"टॅक्सी कर ना, आई."

प्रमोदिनीबाईंना टॅक्सीचं वावडं नव्हतं. पण मागच्या सीटवर बसून, दुसरा नेईल तसं जायचं, आणि आजपासून कायमचं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. त्या भांडल्या. भांडून भांडून एक अट पदरात पाडून घेतली: येत्या रविवारी गौतमपुऱ्याला जाऊन यायचं. फोन पूर्ण वेळ गाडीच्या सिस्टीमला जोडलेला हवा, नकाशा गाडीच्या पडद्यावर हवा, गाडी कुठे आहे ते शंतनूला पुण्यात त्याच्या फोनवर दिसायला हवं, आणि त्याचा फोन आला तर हातात न घेता, गाडीतूनच उचलायचा. फोन बंद पडला तर मनीष सोमवारी येणार.

"आणि नाही पडला तर?"

"तर विषय संपला."

अट सोपी होती. अडचण एवढीच होती की गाडीला फोन जोडलाच जात नव्हता. पडद्याखालच्या यूएसबीच्या खाचेत वायर लावली की अर्धवट आत जायची आणि ढिम्म काही व्हायचं नाही. चार्जिंग नाही, नकाशा नाही. बाईंनी नवी वायर आणली. तिचीही तीच गत. शंतनूने सांगितलेली सगळी बटणं दाबली, फोन बंद करून चालू केला. शेवटी गाडी ऑडिओच्या दुकानात नेली. तिथल्या माणसाने वायर एकदा खुपसून बघितली आणि मान हलवली.

"आंटीजी, पोर्ट गया. पूरा सिस्टम बदलना पड़ेगा. मंगलवार को छोड़ जाइए."

मंगळवारी गाडी आपली असेल की नाही, तेच ठरायचं होतं. बाई घरी आल्या आणि दारातच, गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांना रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता.

राग त्यांना नेहमीच कामी आला आहे. रडत बसण्यापेक्षा त्यांनी विचार केला की हे सुरू कधी झालं. अष्टमीला बिजासनला देवीच्या दर्शनाला गेल्या तेव्हा याच वायरवर फोन छान चार्ज झाला होता, जाता-येता गाणी लागली होती. मग मधे झालं काय? मधे झाला दसरा.

दसऱ्याला बाई घरातल्या समस्त यंत्रांची पूजा करतात. गाडीची पूजा तर साग्रसंगीत: चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, आणि आत स्टिअरिंगला, गिअरला, ऑडिओच्या पडद्याला हळदकुंकू आणि वर मूठभर अक्षता. शिलाई मशीनचीही अशीच पूजा होते. दुसऱ्या दिवशी मशीन अडतं, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. म्हणून एकादशीला सकाळी त्या ब्रश घेऊन मशीनमधलं कुंकू झाडून काढतात. गाडीचं कुंकू कधी झाडलं होतं?

बाई ताडकन उतरल्या. घरातून टॉर्च, लाकडी टूथपिक आणि मशीनचा ब्रश घेऊन आल्या. गाडीची चावी काढून ठेवली आणि वाकून खाचेत उजेड टाकला. आत, तळाशी, कुंकवाने लाल झालेली एक अक्षत आडवी होऊन बसली होती.

त्यांनी ती टूथपिकने अलगद कडेला घेतली आणि बाहेर काढली. मागून हळदीचा भुगा आला, तो ब्रशने झाडला. चावी फिरवली, वायर लावली. ती शेवटपर्यंत आत गेली. फोन बारीकसा वाजला, बॅटरीवर विजेची खूण उमटली आणि गाडीच्या पडद्यावर अख्खं राजेंद्र नगर पसरलं, मधोमध एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे त्या. बाई एकट्याच इतक्या हसल्या की समोरच्या घरातलं कुत्रं उठून बघायला आलं. दोष आपल्याच भक्तीचा निघाला, याचंही त्यांना हसू येत होतं.

रविवारी त्या डबे घेऊन निघाल्या. हातोद मागे पडलं आणि गाडीभर शंतनूचा आवाज घुमला. स्टिअरिंगवरचं बटण दाबून त्यांनी फोन उचलला.

"आई, कुठे आहेस?"

"तुला दिसतंय ना? मग कशाला विचारतोस? दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत, ठेव आता."

शारदाताईंनी पुरणपोळ्या खाल्ल्या, गाडीत बसून गावातून एक फेरी मारली, आणि मारुतीचं देऊळ दिसल्यावर डोळे पुसले. परतताना शंतनूचा पुन्हा फोन आला. बाईंचा फोन तेव्हा काठोकाठ भरलेला होता.

"मनीषला नाही म्हणून कळवलंय," शंतनू म्हणाला. "आई, दिवाळीला येतोय ना मी, तर स्टेशनवर घ्यायला येशील? पूर्वी तू आणि बाबा यायचात. बाबा गेल्यापासून मी उतरलो की आधी रिक्षा शोधतो."

प्रमोदिनीबाईंनी गाडी कडेला घेतली, कारण समोरचा रस्ता नीट दिसेनासा झाला होता.

"येईन की," त्या म्हणाल्या. "गाडी कितीला पोचते ते सांग."

धनत्रयोदशीच्या सकाळी शंतनू बॅग घेऊन इंदूर स्टेशनच्या बाहेर आला, तेव्हा आई गाडीला टेकून उभी होती. त्याने बॅग मागे टाकली आणि सवयीने चावीसाठी हात पुढे केला. प्रमोदिनीबाईंनी त्या हातावर घरून आणलेला बेसनाचा लाडू ठेवला आणि वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या. शंतनू मुकाट्याने शेजारी बसला. वाटेतला राजवाडा यायच्या आत त्याचे डोळे मिटले होते.