त्सोन्कामावशीचं वल्हं आणि दहा दिवसांची रजा

आमच्या गावच्या झऱ्याचं पाणी अंडं उकडेल इतकं गरम. त्यात गार पाणी सोडलं की लाकडी वल्ह्याने हौद ढवळायचा, हे गावच्या स्नानगृहातलं काम माझी त्सोन्कामावशी सव्वीस वर्षं करतेय. यंदा तिला दहा दिवसांची रजा हवी होती. वार्ना शहरात नातवाचा बाप्तिस्मा होता.

व्यवस्थापक हरलांपिएव नाकातून बोलतात, प्रत्येक शब्दाला वेगळी सर्दी झाल्यासारखे. "रज्जा? अशक्क्य! मॉडेल वाचा!"

मॉडेल म्हणजे इंजिनियर अस्पारूखने संगणकात मांडलेला आमचा हौद. आत तीन इनपुट: गरम नळ, गार नळ आणि मावशीचं वल्हं. बाहेर दोन आउटपुट: बायकांकडचं तापमान, पुरुषांकडचं तापमान.

"एक इनपुट काढलं की मॉडेल लंगडं!" हरलांपिएव म्हणाले.

मावशी तडक हौदाशेजारी बसलेल्या अस्पारूखकडे. "लेकरा, काढ बाबा मला त्यातून."

त्याने वल्ह्याचा रकाना पुसला. पडद्यावरच्या रेघा तसूभरही हलल्या नाहीत. पोरगा खूश. "बघा! तुमच्या रकान्यात नुसती शून्यंच होती."

"म्हणजे सव्वीस वर्षं मी शून्य ढवळलं?"

"पाण्याच्या दृष्टीने... हो."

मागे हरलांपिएव उभेच होते. "मग दहा दिवस कशाला? कायमच्या जा!"

मावशी तेवढ्यात हौदाकडे वळून गरजली, "कोण मेला गरम नळ पिळतोय? बायकांचं सूप करताय का?"

अस्पारूखने तापमापी पाहिली. काही नाही. अर्ध्या मिनिटाने आकडा चढला.

"मावशी, तुम्ही इनपुट नाहीच! पाणी बदललं की तापमापीच्या आधी ओरडता, तुम्ही आउटपुट आहात!"

त्याने आउटपुटांत तिसरी ओळ जोडली: मावशीचा आरडाओरडा. आठवडाभर तपासलं. गरम नळ जरा फिरवला की मावशी वरच्या पट्टीत, गार फिरवला की खालच्या, आणि तापमापी दरवेळी उशिरा.

"आता रजेचं?" मावशीने विचारलं.

"आउटपुट काढल्याने पाणी बदलत नाही," अस्पारूख म्हणाला. "फक्त दहा दिवस आपल्याला उशिरा कळेल."

"आणि कायमचं काढलं तर?" हरलांपिएव.

"कायमचं उशिरा कळेल. तोवर बायका शिजतील."

हरलांपिएवांनी नाक पुसून लिहिलं: 'आउटपुट क्रमांक तीन दहा दिवसांसाठी काढले आहे.'

मावशी जागची हलेना. "खाली लिहा, अकराव्या दिवशी परत जोडावे."

त्यांनी लिहिलं.

"आता शिक्का."