जल्लादाच्या नावाचा गहू

मेलेली माणसं माझ्याशी जिवंतांपेक्षा बरी वागली, म्हणून त्यांच्याबद्दल मी खोटं बोलत नाही. माझा नवरा थिमिओस नाफ्लियोच्या दफनभूमीत कबरी खणायचा. तीन वर्षं झाली की कबर पुन्हा उघडायची, थिमिओसनं उकरायचं आणि वर आलेली हाडं मी द्राक्षाच्या दारूनं धुवायची. हाडं सुटी, मेणासारखी पिवळी निघाली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. कवटी बायकांच्या हातांतून फिरते, जो तो तिचं चुंबन घेतो, मग सगळं पेटीत भरून देवळामागच्या अस्थिघरात ठेवतात. आणि अंग विरघळलंच नसेल, तर मेलेल्याला माफी मिळालेली नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याला तसाच पुन्हा झाकतात.

गारुफालियाच्या बापाचं अंग विरघळलं नव्हतं.

तिचा बाप झाखारियास म्हणजे आमच्या गावचा शेवटचा जल्लाद. डोंगराकडून आणलेला कैदी, खुनाबद्दल त्याची स्वतःचीच मान पात्याखाली जायची होती. पण दुसऱ्यांच्या माना कापायला तयार झाला म्हणून सरकारनं त्याची शिल्लक ठेवली. अशा माणसाला गावात कोण राहू देणार? त्याला ठेवलं होतं समुद्रातल्या किल्ल्यात, बुर्जीत. ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी शिपाई त्याला होडीतून आणायचे, पालामिदीच्या मोठ्या गडावर चढवायचे आणि काम आटोपलं की परत पाण्यात नेऊन टाकायचे. बायको लेकीला घेऊन मागोमाग आली आणि धक्क्यापलीकडे, कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीत एका खोलीत राहिली. तिथला वास दुसऱ्या कुणाला सोसत नाही, म्हणून ती खोली त्यांना मिळाली. बायको लवकरच गेली. मग बापाचं जेवण होडीनं किल्ल्यावर पोचवायला गारुफालिया एकटी जाऊ लागली. पाववाला तिच्या हातात पाव द्यायचा नाही, पायरीवर ठेवायचा. ती वाकून उचलायची आणि वर "उपकार झाले, काका" म्हणायची. मला त्या पाववाल्याचा राग यायचा, आणि तिच्या त्या उपकारांचा त्याहून जास्त.

पुढे ते काम बंद झालं, म्हाताऱ्याला मोकळं सोडलं, आणि दोन हिवाळे लेकीच्या खोलीत खोकून तो मेला.

आमच्यात मेलेल्याच्या नावानं गहू शिजवतात, त्याला कोलिवा म्हणतात. उकडलेल्या गव्हात डाळिंबाचे दाणे, बेदाणे, बदाम घालायचे, वर पिठीसाखरेचा जाड थर द्यायचा आणि त्यावर मेलेल्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं. प्रार्थना संपली की ताट घेऊन देवळाच्या दाराशी उभं राहायचं. येणारा प्रत्येक जण मूठभर घेतो, खातो आणि म्हणतो, "देव त्याला क्षमा करो." जितकी तोंडं, तितकी माफी. गारुफालियानं मरणानंतर चाळिसाव्या दिवशी गहू शिजवला, असा सुरेख की साखरेवर एक चीर नाही. दाराशी उभी राहिली. आणि सगळ्या बायका बाहेर येऊन स्तामाताकडे बघत थांबल्या.

स्तामाताचा एकुलता एक मुलगा पानागोस मेंढ्या चारायचा. पाण्याच्या पाटावरून भांडण झालं, त्यानं एकाला भोसकलं. पालामिदीवर त्याचं डोकं उडवलं ते झाखारियासनंच. प्रेत मिळेल म्हणून स्तामाता दिवसभर गडाच्या पायथ्याशी कोरी चादर घेऊन उभी होती. शिपायांनी धड एकीकडे, डोकं दुसरीकडे असं चुन्याच्या खड्ड्यांत टाकलं आणि तिला चादरीसकट घरी पाठवलं. तिच्या पोराला कबरच नाही, तर उघडणार काय आणि धुणार काय? तेव्हापासून ही बाई कधी मोठ्यानं बोलली नाही. गारुफालियाला तिनं एक शिवी दिली नाही. शिव्या दिल्या असत्या तर पोरीला परवडलं असतं. त्या दिवशी ती ताटासमोर आली, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि पुढे चालू लागली. तिच्यामागून सगळं गाव हात पाठीमागे घेऊन गेलं. वर्षश्राद्धालाही तेच. उरलेला गहू गारुफालिया समुद्रात टाकायची. माशांनी बाकी कधी नाक मुरडलं नाही.

तीन वर्षांनी थिमिओसनं कबर उघडली, तर आत म्हातारा जवळजवळ जसाच्या तसा. कातडी ढोलासारखी ताणलेली, मिशी शाबूत. बायकांनी छातीवर क्रूस काढले. स्तामातानं खाली डोकावून बघितलं आणि म्हणाली, "झाका." थिमिओसनं झाकलं. पाद्रीबाबा गारुफालियाला म्हणाले, "अजून एकदा उघडू. तेव्हाही असाच निघाला तर भिंतीबाहेर खड्डा. माझ्या हातात काही नाही, पोरी. माणसांनी माफ करायला हवं."

म्हणजे तिच्या हातात तीन वर्षं होती, आणि तिला तोंडं हवी होती.

तोंडं आली ती आगबोटीनं. त्याच सुमाराला बुर्जीत हॉटेल निघालं. जिथं जल्लाद राहायचे तिथं पलंग, आरसे, पंखे. किल्ले बघायला लंडनचे, बर्लिनचे पाहुणे यायला लागले. समुद्रात झोपायला मिळतं म्हणून त्या कोठड्यांवर ते भाळले होते. गारुफालिया तिथं चादरी धुवायला लागली, कारण गावातल्या कुणीही ती नोकरी धरली नव्हती. एका संध्याकाळी तिनं धीर करून स्वयंपाकघरातून गव्हाचं ताट बाहेर आणलं. पाहुण्यांनी बोटं चाटली. तिनं त्यांना खुणांनी शिकवलं, खाल्लं की असं असं म्हणायचं. त्यांना वाटलं, आभाराचे शब्द असतील. ते म्हणाले.

हॉटेलचा व्यवस्थापक फोकिओन अथेन्सचा, केस तेल लावून चपटे बसवलेला. त्याला ही गोष्ट कळली आणि त्याचे डोळे चमकले. दुसऱ्याच दिवसापासून जेवणानंतर त्यानं तिला मधोमध उभी करायला सुरुवात केली. "मंडळी, ही जल्लादाची मुलगी, आणि ही जल्लादाची मिठाई!"

मी स्वतः पाहिलंय ते. एकदा मोठा तांडा उतरला होता, चादरी पिळायला माणूस हवं म्हणून गारुफालियानं मला बोलावलं होतं. टोपीत पीस खोचलेली एक इंग्रज बाई फोकिओनमार्फत विचारत होती, "बाप कुठं झोपायचा?"

"तुम्ही बसलाय तिथं," गारुफालिया म्हणाली.

बाई आनंदानं किंचाळली. तिच्या नवऱ्यानं विचारलं, "डोकं खाली पडल्यावर डोळे मिटतात का? विचारा तिला."

"आधी एक घास घ्या म्हणावं," गारुफालिया म्हणाली, "मग सांगते."

त्यानं घास घेतला, शब्द म्हटले. तिनं सांगितलं. मग दुसऱ्यानं विचारलं, केस धरायचा की कान? त्यानंही घास घेतला. एका जाड्या जर्मन गृहस्थानं तर "देव त्याला क्षमा करो"ची चाल बांधली आणि ग्लासावर चमच्यानं ठेका धरला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ती ताट धरून उभी, आणि प्रत्येक तोंडाकडे अशी बघत होती की उपाशी माणूससुद्धा भाकरीकडे बघणार नाही. मला त्या फोकिओनच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली.

परतीच्या होडीत मी तिला म्हटलं, "अगं, गोड लागतं म्हणून खातात ते. तुझा बाप त्यांना तमाशा झालाय."

"शब्द तर म्हणतात ना?"

"अर्थ कुठं ठाऊक आहे त्यांना?"

"ज्यांना ठाऊक आहे त्यांनी काय केलं, बाई?" ती म्हणाली आणि वल्ही मारू लागली.

गावात तर चेष्टेला ऊत आला. धक्क्यावर जाळी शिवणारे कोळी तिला बघितलं की ओरडायचे, "काय गं, आज किती साहेबांनी माफ केलं?" "गुड फ्रायडेला मटण चापणारी तोंडं ती! बाप आणखी कडक होईल तुझा!" "दार लावून घे गं, मिशीला तेल मागायला येईल रात्री!" पाद्रीबाबांनी तिला बोलावून बजावलं की परक्या पंथाच्या लोकांची माफी आपल्याकडे चालत नाही.

"मग आपल्यांची मिळवून द्या," ती म्हणाली.

पाद्रीबाबांना एकदम कुणाच्या तरी बारशाची आठवण झाली आणि ते उठून गेले.

असे तीन उन्हाळे गेले. कबर उघडायच्या दिवशी निम्मं गाव लोटलं. एरवी हाडं काढताना घरच्या चार बायका असतात. इथं कोळी भिंतीवर चढून बसले होते, पाववाला दुकान बंद करून आला होता. स्तामाता सगळ्यांच्या मागे, सरूच्या झाडाखाली. गारुफालियानं गव्हाचं ताट कबरीशेजारी आणून ठेवलं होतं; तिच्या अंगात धुवट काळा झगा होता आणि तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. थिमिओसनं खणायला सुरुवात केली. एकाएकी तो थांबला, फावडं बाजूला ठेवलं, हातानं माती चाचपली आणि पायाच्या बोटाचं एक इवलंसं हाड वर धरलं.

"सुटी आहेत!" तो ओरडला. "सगळी सुटी आहेत!"

खरंच होती. मी जन्मभर हाडं धुतली, चांगल्या चांगल्यांची काळी, चिकट निघालेली पाहिली. याची हाडं नुकत्या काढलेल्या लोण्याच्या रंगाची होती. मी कवटी उचलली, दारूनं धुतली आणि गारुफालियाच्या ओटीत दिली. ती रडली, हसली, त्या कपाळाचे मुके घेत राहिली. "बाबा, सुटलात हो," एवढंच तिला म्हणता येत होतं. मलाही रडू आलं.

मग रीतीप्रमाणे कवटी हातोहात निघाली. मातीनंच माफ केल्यावर माणसांकडे सबब कसली? पाववाल्याच्या बायकोनं चुंबन घेतलं, पुटपुटली, "देव त्याला क्षमा करो." तिच्याकडून कोळणीकडे, कोळणीकडून तिच्या सुनेकडे. जन्मात पहिल्यांदा आमच्या गावाच्या तोंडून ते शब्द गारुफालियाला ऐकू येत होते. प्रत्येक वेळी ती मान डोलवायची, जणू कुणी तिच्या अंगावर पांघरूण घालत होतं. फेरा पुरा झाला. सरूखालच्या बाईकडे कवटी न्यायची कुणाची छाती झाली नाही. पण आनंदानं माणूस खुळं होतं. गारुफालियानं स्वतः ती उचलली, गर्दीतून मागे गेली आणि स्तामाताच्या हातांत ठेवली. "मावशी, एकदा तुमच्या तोंडून."

स्तामातानं या खेपेला हात मागे घेतले नाहीत. कवटी उन्हाकडे धरून बघितली. डोळ्याच्या खोबणीत माझ्याकडून थोडी माती राहिली होती, ती तिनं डोईच्या रुमालाच्या टोकानं अलगद पुसली. बाळाचा कान पुसावा तशी. कोळणींनी डोळ्यांना रुमाल लावले. मग तिनं कमरेचा ॲप्रन सोडला, कवटी त्यात गुंडाळली, गाठ मारली आणि काखेत धरली.

"मावशी?"

"माझ्या घरातलं एक डोकं त्यानं नेलं," स्तामाता म्हणाली. "हे मी घरी नेते."

पाद्रीबाबा पुढे झाले. "बाई, मेलेल्याची हाडं अशी वेगळी करता येत नाहीत. पाप आहे."

"तेव्हा गडावर तुम्हीही होतात, बाबा. पोथी हातात होती तुमच्या. माझ्या पोराची वेगळी केलेली चालली?"

पाद्रीबाबांनी गावाकडे बघितलं आणि गावानं जमिनीकडे. मग पाववाल्याची बायको, जिच्या ओठांवर त्या कवटीची दारू अजून ओली होती, हळूच म्हणाली, "हक्कच आहे तिचा." कोळीण म्हणाली, "हो, बरोबर आहे." भिंतीवरचे पुरुष खाली उतरले आणि तिला वाट करून दिली.

गारुफालिया मातीत कोसळली आणि स्तामाताचा झगा तिनं दोन्ही मुठींत धरला. "मावशी, मला मारा, माझे डोळे काढा. पण शेवटच्या दिवशी सगळी मेलेली उठतील, तेव्हा डोक्याशिवाय तो उठणार कसा?"

स्तामातानं तिच्या मुठी एकेक करून सोडवल्या. जोर न लावता, गाठ सोडवावी तशा.

"माझा पानागोस उठेल तसा," ती म्हणाली. "चाचपडत."

ती फाटकातून गेली. तिच्यामागून बाकीचे पांगले, जाताना कुणीकुणी ताटातला गहूही उचलून घेतला. खड्ड्यात अजून छातीची आणि हातांची हाडं बाकी होती. थिमिओस फावड्यावर रेलून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. गारुफालिया पालथी पडली होती, ती उठेना. शेवटी मीच त्याला म्हटलं, "बघतोस काय, काढ राहिलेली."