मास्तरांचं सकाळचं रेकॉर्डिंग

आजवर माझ्याकडे जेवढे शिष्य आले, त्यांत माझा शब्द न् शब्द झेलणारा एकच निघाला, आणि नेमकं त्याचंच मी ऐकलं नाही. हे शिष्य बाभुळगावचे, तिथे त्यांना लहानथोर सगळे 'मास्तर' म्हणतात. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नाही. उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेली, म्हणून मास्तर. गावात डीजे आला तसा बँड मोडला. बाकीच्यांनी वाद्यं विकून टाकली, मास्तरांनी मात्र आपलं क्लॅरिनेट आणि पितळी बटणांचा लाल कोट दोन्ही जपून ठेवलं. मी यवतमाळात घरातल्याच एका खोलीत बसून मुंबई-पुण्यापासून अमेरिकेपर्यंतच्या हौशी आणि जिद्दी मंडळींना बासरी आणि क्लॅरिनेट ऑनलाइन शिकवतो. माझ्या जाहिरातीत 'प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष' असं ठळक अक्षरांत छापलेलं आहे. ती ओळ माझीच.

पहिल्या व्हिडिओ कॉलला मास्तर तो लाल कोट आणि जरीची टोपी घालून बसले होते. कोटाचं मला नंतर कळलं, कारण पहिला अर्धा तास मला फक्त टोपी दिसत होती. "मास्तर, चेहरा दिसत नाही," असं मी म्हणालो, तर उत्तर आलं, "माहा चेहरा कायले पाह्यता सर, सूर पाहा!" मी म्हटलं, बाभुळगाव ते यवतमाळ असं किती लांब आहे, एसटीनं येत जा, समोर बसून शिकू. ते त्यांना मुळीच पटलं नाही. "नाही जी. ऑनलाइन लावलं तं ऑनलाइनच." आणि मग टोपी जरा वर सरकली, दोन डोळे दिसले आणि मास्तरांनी खरी गोष्ट सांगितली. "मले शिकायचं काही नाही. जे यायचं होतं थे आलं. पन डावा कान गेला आता, अन् उजव्याचा भरवसा नाही राह्यला. मी रोज वाजवून पाठवतो, तुमी फक्त ऐकजा. ज्या दिवशी सुरातून गेलो, त्या दिवशी सांगजा. वाद्य मी आपल्या हातानं खोक्यात ठेवीन. लोकाईनं हसून ठेवायले लावलं, असं नाही पाह्यजे." घरचे सांगणार नाहीत का, असं मी विचारलं. "घरचे माया करतात न जी. म्हनून तं तुमाले लावलं." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. कॅमेऱ्यात तो हात फार छान दिसला असणार.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाच्या ठोक्याला रेकॉर्डिंग येऊ लागलं. बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, मोबाइलवर तानपुरा लावायचा, आपल्या मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं वाजवून झालं की शेवटी एकच वाक्य: "बरोबर हाये ना, सर?" मी जे सांगेन ते मास्तर अक्षरशः करत. आरशासमोर बसून ओठांची ठेवण बघा म्हटलं, तर त्यांनी कपाटाच्या दाराचा आरसाच उतरवून सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, आणला. तेव्हापासून काकूंना कुंकू लावायला घराबाहेर, सगळ्या गल्लीसमोर बसावं लागे. श्वास पोटातून घ्या, खांदे हलता कामा नयेत म्हटलं, तर दोन्ही खांद्यांवर पाण्यानं भरलेली एकेक वाटी ठेवून वाजवतानाचा फोटो आला. कोट भिजलेला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. लांब सूर रिकाम्या पोटी करा म्हटल्यावर तर कहरच झाला. एकदा व्याह्यांकडे मुक्कामाला गेले असताना त्यांचा दबक्या आवाजातला निरोप आला, "सर, इथं चहा पुढं केला यायनं. सूर व्हायचे हायेत. घेऊ का?" लय पक्की करायला ठोका लावा म्हटलं, तर त्यांनी काकूंच्या शिलाई मशीनचा ठोका धरला. काकू बायकांचे ब्लाउज शिवतात. मास्तर विलंबितात असले की गिऱ्हाइकांचे ब्लाउज रखडायचे, आणि लग्नसराईत काकूंनी पाय जोरात मारला की मास्तरांची फे फे उडायची.

ऐकून हसू येतं. मीसुद्धा हे किस्से चारचौघांत रंगवून सांगत असे. जे कुणाला सांगत नसे ते आता सांगतो. आरसा, वाट्या, रिकामं पोट, ठोका, यांतलं एकही मी मास्तरांसाठी सांगितलेलं नव्हतं. विद्यार्थी वाढले तसे मी पाच निरोप माझ्या गोड आवाजात कायमचे रेकॉर्ड करून ठेवले होते. चार सल्ले, आणि पाचवा: 'वा! सूर छान लागलाय. असंच चालू ठेवा.' कुणाचं रेकॉर्डिंग आलं की सुरुवातीचे पाच-दहा सेकंद ऐकायचे, पुष्कळदा तेही नाही, आणि पाचांतला एक निरोप पाठवून द्यायचा. मास्तरांचे चारही सल्ले वापरून झाल्यावर मी त्यांना रोज पाचवाच पाठवू लागलो. दात घासता घासता पाठवत असे. तो निरोप मास्तर काकूंना, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला ऐकवतात हे मला माहीत होतं आणि त्याचा मला अभिमानही वाटे.

उन्हाळ्यात मास्तरांच्या पुतणीचं लग्न निघालं. मास्तर बऱ्याच वर्षांनी चारचौघांत वाजवणार होते, म्हणून गुरू या नात्यानं मला आग्रहाचं निमंत्रण होतं. मांडवात मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल-नारळ दिलं, आणि मास्तर माइकवर म्हणाले, "हे माहे गुरू. माहा एकएक सूर तपासून देतात." मग डीजे बंद करायला लावून त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. पहिला सूर आला तेव्हा मला वाटलं, माइक बिघडला. दुसरा आला, तिसरा आला, आणि माझ्या लक्षात आलं की माइक ठणठणीत आहे. सूर एका बाजूला, मास्तर दुसऱ्या बाजूला. डोळे मिटून, घामाघूम होऊन, जीव ओतून ते बेसूर वाजवत होते. मागे पोरंपोरी तोंडात रुमाल कोंबत होती, वडीलधारी माणसं मांडवाच्या झालरीकडे बघत होती. माझ्या अंगावरची शाल मला चटके देत होती. वाजवून झाल्यावर मास्तर थेट माझ्यापुढे आले. "बरोबर हाये ना, सर?" आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? "वा! सूर छान लागलाय."

जेवणाच्या पंगतीत काकू जिलेबीचं ताट घेऊन आल्या. वाढताना हळूच म्हणाल्या, "तुमी ऐकत नाही न जी." मी घास ताटात ठेवला, तशा त्या पुढे म्हणाल्या, "मागं एक दिवस रेकॉर्डिंग चालू करून थे धावतच गेलते, गाई घुसल्या होत्या वावरात. वीस मिनिटं नुसती माही मशीन वाजली. आल्यावर त्याहीनं तेच पाठवून देल्लं. तुमी म्हनले, सूर छान लागलाय." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "थे इतके खूश होते का मी बोलली नाही. आता सांगा नाही तं नका सांगू, पन एकदा ऐका तरी."

पुढचा रविवार मी दार लावून मास्तरांची सगळी रेकॉर्डिंगं पहिल्यापासून ऐकत बसलो. सुरुवातीचे सूर असे होते की मी चहा विसरलो. असं क्लॅरिनेट माझ्या एकाही विद्यार्थ्याला येत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही येत नाही. मागे पाऊस टिनावर वाजत होता, मग तो थांबला, सोयाबीन काढायच्या मशीनची घरघर आली. हिवाळ्यात तुरी निघाल्या त्या सुमारास वरचा षड्ज पहिल्यांदा खाली उतरला. केसभरच. मास्तर दोनदा थांबले, पुन्हा सुरू केलं, आणि त्या दिवशी शेवटी नेहमीचं वाक्य दोनदा विचारलं, "बरोबर हाये ना, सर? बरोबर हाये ना?" त्याखाली माझं उत्तर होतं, पाचव्या नंबरचं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं बाभुळगावला गेलो. मास्तर सपरीत आरशासमोर बसले होते, काकू मशीनवर. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि उजव्या कानाशी वाकून म्हणालो, "मास्तर, सूर जातोय." मशीन थांबली. "कधीपासून?" "तुरी निघाल्या तेव्हापासून." मास्तरांनी बोटांवर महिने मोजले. लग्नाच्या महिन्याशी बोट अडलं आणि तिथेच राहिलं. मग त्यांनी वाद्याचे सांधे सोडवले, एकेक तुकडा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खोक्यात ठेवला. मला वाटलं, आता विचारतील, मग इतके दिवस काहून नाही सांगितलं? ते मात्र माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या जिवावर आलं असन सांगाले. म्हनून थांबले तुमी. पन सांगितलं, बरं केलं. दुसऱ्या कोनी नसतं सांगितलं." काकू माझ्याकडे बघत होत्या. मी खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा प्यालो आणि पाचची गाडी पकडली.

ते पाच निरोप मी पुसून टाकले, पण त्यानं काही भरून निघत नाही. मास्तरांचं रेकॉर्डिंग अजूनही सकाळी सहाला येतं, जेमतेम मिनिटभराचं. तानपुरा असतो, काकूंची मशीन असते, गल्लीतलं कुत्रं असतं, आणि शेवटी मास्तर म्हणतात, "आजबी नाही वाजवलं. बरोबर हाये ना, सर?" मी ते शेवटपर्यंत ऐकतो, आणि पुन्हा लावून ऐकतो.